फरशी फुटली म्हणून कुणी ‘ब्रोक’ झालं नाही

मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीपासून खासबागेपर्यंत, महिनाअखेरीला ‘कडकी आहे’च्या जोडीनं आता ‘ब्रोक आहे’ही ऐकू येतं. शब्दाला हरकत नाही. त्याच्या शेपटीला बांधून आलेली फरशीची गोष्ट मात्र किती वेळा खोडायची? म्हणे, जुन्या युरोपात बँका खातेदाराला नाव आणि उधारीची मर्यादा लिहिलेली चिनी मातीची फरशी देत. मर्यादा ओलांडली की कारकून ती फोडे आणि गिऱ्हाईक ‘ब्रोक’ होई. गोष्ट झकास, पुरावा शून्य. तिथला सावकारी व्यवहार खतावण्या आणि हुंड्यांवर चाले. इटलीतल्या प्रातो गावच्या, १४१० साली वारलेल्या दातिनी या एकाच व्यापाऱ्याच्या शेकडो वह्या आणि लाखावर पत्रं आजही जपलेली आहेत. शिवाय, व्यापारी बुडणं या अर्थी ‘ब्रेक’ हे क्रियापद शेक्सपिअरनं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये वापरलंय. नाटक छापलं गेलं १६०० साली, बँक ऑफ इंग्लंड निघाली १६९४ साली. म्हणजे बँक यायच्या आधीपासून इंग्रज व्यापारी ‘मोडत’ होता. ‘ब्रोक’ हे ‘ब्रोकन’च्या जागी तेव्हा सर्रास चालणारं रूप, बस्स.

फरशी इटलीतली असेल, असं कुणी म्हणेल. मग इटालियन शब्दात फरशी हवी. तिथं आहे बाक. ‘बांकारोत्ता’ म्हणजे मोडका बाक, त्यावरून इंग्रजीतलं ‘बँकरप्ट’. सराफाचा बाक खरोखर मोडत, हेही अभ्यासक जपूनच सांगतात. आपण पेढी ‘बुडाली’ म्हणतो, तेव्हा तिला शोधायला कुणी पंचगंगेत उतरत नाही. मग आपल्या ‘दिवाळं’ची दिव्याची कथा तरी का मानायची? तिला निदान जुनी नोंद आहे. बुडीत व्यापारी पेढीवर दिवा पेटवून काही काळ परागंदा होई, असं गुजराती-मराठी शब्दांवर लिहिणाऱ्या ड्रमंडनं १८०८ साली नोंदवलं. तरीही ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशानं ही व्युत्पत्ती वादग्रस्तच म्हटली. फरशीवाल्यांकडं एवढंही नाही.

‘ब्रोकर’चा ‘ब्रोक’शी संबंध नाही, तो मुळात पिंपाला तोटी लावून दारू विकणारा. आणि ‘ब्रोक’ म्हणजे दिवाळखोर नव्हे. खिसा रिकामा झाला की माणूस आपोआप ब्रोक होतो. नादार ठरायला मात्र १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली कोर्टात अर्ज लागतो, आणि कर्जदाराला तो स्वतः करायचा तर कायद्यात किमान कर्ज लिहिलंय पाचशे रुपये.