लॅटिन धातुसाधित विशेषणे

लॅटिनमध्ये सकर्मक क्रियापदापासून साधारणतः चार धातुसाधित विशेषणे बनतात. 'आमारे' (प्रेम करणे) या क्रियापदाच्या वर्तमान अंगापासून 'आमान्स' (प्रेम करणारा) व 'आमान्दुस' (प्रेम करण्याजोगा) ही रूपे होतात. 'आमात्-' या दुसऱ्या अंगापासून 'आमातुस' (ज्याच्यावर प्रेम केले गेले असा) व 'आमातूरुस' (प्रेम करण्याच्या बेतात असलेला) ही होतात. सर्व रूपे नामानुसार लिंग, वचन व विभक्ती घेतात.

मराठीभाषक अडखळतो तो भूतकाळात. मराठीतील 'जिंकून' या अव्ययासारखे कर्तरी भूतकालीन रूप बहुतेक लॅटिन क्रियापदांना नाही. म्हणून 'नगर जिंकून सेनापती परतला' यातील 'नगर जिंकून' हा अंश 'उर्बे काप्ता' (नगर जिंकले गेले असता) असा कर्मणी होतो. ही रचना संस्कृतमधील सतिसप्तमीसारखीच आहे, मात्र विभक्ती पंचमी. रूपाने कर्मणी पण अर्थाने कर्तरी असलेली काही क्रियापदे याला अपवाद ठरतात. 'होर्तातुस' म्हणजे 'उत्तेजन देऊन'.