आगगाडी आली, पुढें काय?

बालाघाटाच्या माथ्यावरील मांजरसुंबा हें हमरस्त्यांच्या चौफुलीचें गांव. धुळें-सोलापूर रस्ता येथून जातो. अहिल्यानगराकडून अंबाजोगाईस जाणाराही त्यास येथेंच मिळतो. लोहमार्ग मात्र बीडाहून वडवणीच्या बाजूनें परळीकडे आंखलेला आहे. मोटार घाटाची अवघड चढण चढून जाते. आगगाडीस सौम्य चढ व रुंद वळणें लागतात, आणि त्यांपायीं भराव, खोदाई, पूल व शेतकऱ्यांच्या जमिनी.

अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटर मार्गाची मंजुरी १९९५-९६ सालची. आष्टीस गाडी २०२२ सालीं आली, बीडास १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. मधल्या तीस वर्षांत एका पिढीचें शिक्षण व नोकरी एस. टी.च्या भरंवशावरच पार पडली!

म्हणून आम्हांस वाटतें कीं, योजना रुळांपाशीं संपूं नये. गाडीच्या वेळेशीं जुळणारी एस. टी. मांजरसुंब्यास नसेल, तर परगांवीं शिकणाऱ्या मुलीस आणि औषधोपचारासाठीं निघालेल्या वृद्धास स्टेशन दूरच राहील. हा मेळ घालण्यास कोणाची जमीन घ्यावी लागत नाहीं. लागते ती दोन खात्यांची एकवाक्यता.