तिथी, भरती आणि कॅमेरा

आपल्या घरांतील पंचांग बहुधा व्रतांसाठी उघडले जाते. अष्टमी कधी, चतुर्दशी कधी, ओळीचा आरंभ कोणत्या दिवशी, एवढे पाहून ते पुन्हा खुंटीला जाते. तेच पंचांग पनवेलच्या खाडीकाठी समुद्राचे घड्याळ म्हणूनही वापरता येते, हे फार थोड्या व्यापारी कुटुंबांच्या ध्यानात असते. कोळी आणि आगरी बांधवांना मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांचे गणित सोपे आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबई बंदरातील पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने हाती येते. ज्यांच्या आजोबांनी पेढीवर बसून पाऊणकी पाठ केली असेल, त्यांना कागदपेन्सिलही लागणार नाही. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्दशीला साडेदहा. खाडीत पाणी आत शिरायला वेळ लागतो, म्हणून पनवेलकडे थोडा उशीर धरावा.

वेळ कळली तरी पाणी किती चढणार हेही तिथीच सांगते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते व उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती दोन आकर्षणे परस्परांना छेद देतात आणि भांगाची, म्हणजे मंद भरती येते. म्हणून अष्टमीला खाडी संथ दिसते. चतुर्दशीला ती सकाळी खारफुटीच्या मुळांवर चढते आणि तिसऱ्या प्रहरी दूरवर ओसरून चिखलाचे विस्तीर्ण पट उघडे टाकते.

समुद्रकिनाऱ्याचे छायाचित्र घेणाऱ्याला याहून उपयुक्त माहिती दुसरी नाही. कॅमेरा कोणता, भिंग केवढे, या चर्चेत निवृत्त मंडळींचा बराच वेळ जातो; मला ती चर्चा बहुतांशी व्यर्थ वाटते. मोबाइलचा कॅमेराही पुष्कळ आहे. प्रश्न पाणी आणि प्रकाश यांची गाठ कधी पडते हा आहे.

प्रकाशाच्या बाबतीत आपले आचार आड येतात, असे काही तरुण म्हणतात. सूर्यास्ताचा उत्तम प्रकाश आणि चोविहाराचे जेवण एकाच घटकेला येतात, ही त्यांची तक्रार. डिसेंबरच्या आरंभी येथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे तक्रार अगदीच खोटी नाही. परंतु सकाळ कोणी अडवली आहे? नवकारशी पाळणारा सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे तोंडात पाणीही घेत नाही, आणि कोवळ्या प्रकाशाचा सर्वोत्तम काळ जवळजवळ तेवढाच असतो. पनवेलच्या पूर्वेला प्रबळगड व माथेरानची रांग आहे. त्या डोंगरांमागून सूर्य वर आला की खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर ऊन पडते आणि समोरची खारफुटी, बगळे, होड्या उजळतात. चतुर्दशीचा उपवास असेल तर संध्याकाळही मोकळी. ओहोटीचा चिखल आरशासारखा आकाश धरतो, आणि ते पाहून प्रतिक्रमणाला वेळेवर परतता येते.

एक पथ्य मात्र कठोरपणे पाळावे. ओहोटीत उघडा पडलेला चिखल निर्जीव नसतो. त्यात निवट्या उड्या मारतात, एक नांगी मोठी असलेला छोटा खेकडा ती हलवीत बिळाच्या तोंडाशी उभा असतो, गोगलगायी सरपटतात. जवळून चित्र मिळावे म्हणून त्यात पाय घालणे ईर्यासमिती जाणणाऱ्याला शोभत नाही. बांधावरूनच पाहावे. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाणे खाडीत व उरणच्या पाणथळ जागांत दिसतात. उडता थवा टिपता यावा म्हणून त्यांना टाळ्या वाजवून उठवणारे लोक मी पाहिले आहेत. चोच उलटी धरून, पाणी गाळून चारा वेचणाऱ्या त्या जिवाचे जेवण मोडून मिळवलेले चित्र कितीही सुंदर असो, ते दिवाणखान्यात लावू नये.

स्थिर राहून पाहण्याने काय साधते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. 1930 साली नोकरी नसलेले सलीम अली अलिबागजवळच्या किहीम येथे राहिले आणि त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचे महिनोन्‌महिने निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर ते पूर्ण करून दुसरे आरंभतो, हा व्यवहार त्यांनी तेथे उलगडला. एक जागा, एक वही आणि रोजची हजेरी, इतकेच भांडवल.

किनारा आपल्या परंपरेलाही परका नाही. नवपद ओळीत आपण जी श्रीपाळ-मयणेची कथा ऐकतो, तीत धवलशेठ श्रीपाळाला समुद्रात लोटतो आणि तो कोकणच्या किनाऱ्यावर, ठाण्याला लागतो. ठाण्याचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर त्यामुळेच श्रीपाळाच्या स्मृतीशी जोडलेले आहे. दर्शनाला जाणारे आपण किती जण त्याच फेरीत खाडीवर दोन घटका थांबतो?

आता निकडीची गोष्ट. पनवेल हे एकेकाळी बंदर होते. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर पुण्याला जाणारा प्रवासी मुंबईहून होडीने पनवेलला उतरे आणि पुढे घाट चढे. 1970 साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, गावे हलली, आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. व्यापाराला त्याचा लाभ होईल, हे मी नाकारीत नाही. पण जी टेकडी आता नाही तिचा आकार पुढच्या पिढीला छायाचित्रावाचून कळणार नाही.

म्हणून विनंती अशी. खाडीकाठची एकच जागा निवडा, तेथूनच दर ऋतूत एक चित्र घ्या आणि त्यासोबत तारीख, तिथी, भरती की ओहोटी, तोंड कोणत्या दिशेला, एवढे लिहा. रोजमेळात नोंद नसलेली रक्कम जशी धरता येत नाही, तसे नोंदीवाचूनचे चित्र पुरावा म्हणून चालत नाही. दुसरे काम घरातलेच आहे. जुन्या अल्बममध्ये दुकानाच्या मुहूर्ताचे, वरातीचे, बंदरावर माल उतरवतानाचे फोटो असतील. माणसांच्या खांद्यांमागे कोठेतरी पाणी, डोलकाठी, मिठागराचा पांढरा ढीग दिसेल. घरातील वडीलधाऱ्यांना ती जागा ओळखता येते तोवर फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने तिचे नाव आणि साल लिहून घ्यावे. शाई वापरू नये, ती पुढच्या बाजूला उमटते.