वाढदिवसापलीकडचे बालपण

बारसे, जावळ, पहिला वाढदिवस, शाळेतले स्नेहसंमेलन आणि दिवाळीचे नवे कपडे. मराठी मध्यमवर्गीय घरातला जुना आल्बम उघडला, की मुलांचे सारे बालपण बहुधा या चार-पाच प्रसंगांत आटोपलेले दिसते. त्यामागे काटकसर होती. छत्तीस छायाचित्रांचा रोल आणायचा, तो पुरवून वापरायचा, धुवायला टाकायचा आणि प्रत्येक प्रतीचे पैसे मोजायचे. साहजिकच कॅमेरा सणासमारंभालाच कपाटाबाहेर पडे. आता कॅमेरा खिशातल्या फोनमध्येच असतो आणि दिवसाला शंभर छायाचित्रे काढली तरी खर्च वाढत नाही. तरीही छायाचित्रांच्या या पसाऱ्यातून मुलांच्या हाती त्यांचे बालपण पडेलच, अशी खात्री देता येत नाही.

हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. माणसाला साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या वयाआधीचे काही आठवत नाही. मानसशास्त्रात याला 'बालपणीचे विस्मरण' म्हणतात. त्यापुढच्या काही वर्षांच्या आठवणीही तुटकच असतात. ज्या काळात मुलासाठी रात्रीची जागरणे होतात, पहिले पाऊल पडते, पहिला शब्द फुटतो, तो काळ खुद्द त्या मुलाच्या स्मरणात नसतो. घरातल्यांचे सांगणे आणि छायाचित्रे एवढीच त्याची साक्ष उरते. म्हणूनच काय टिपले आणि काय राहून गेले, याला महत्त्व आहे.

हौशी छायाचित्रणाची वाटचाल मुलांच्या सोबतीनेच झाली आहे. कोडॅक कंपनीने १९०० साली एक डॉलर किमतीचा 'ब्राउनी' कॅमेरा बाजारात आणला, तोच मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. त्यानंतर ९७ वर्षांनी, जून १९९७ मध्ये, कॅलिफोर्नियातील एका प्रसूतिगृहात फिलिप कान या तंत्रज्ञाने डिजिटल कॅमेरा आणि मोबाइल फोन एकमेकांना जोडले आणि नुकत्याच जन्मलेल्या आपल्या मुलीचे छायाचित्र दूरवरच्या परिचितांना पाठवले. मोबाइलवरून पाठवल्या गेलेल्या पहिल्यावहिल्या छायाचित्रांत त्याची गणना होते.

घरातले साधे क्षण किती मोलाचे ठरू शकतात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे फ्रान्सचे जाक-हेन्री लार्तिग. १८९४ साली जन्मलेल्या लार्तिग यांच्या हाती वडिलांनी लहानपणीच कॅमेरा दिला. भावंडांच्या उड्या, घरगुती खेळ, फसलेले प्रयोग असे जे दिसेल ते हा मुलगा टिपत गेला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६३ साली ही छायाचित्रे मांडली गेली, तेव्हा लार्तिग सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्यांतले १९०५ मधले एक छायाचित्र विशेष बोलके आहे. खोलीतल्या खेळण्यातल्या मोटारी त्यांनी कॅमेरा थेट जमिनीवर ठेवून टिपल्या, त्यामुळे त्या खऱ्या मोटारींसारख्या भव्य दिसतात.

मुलांच्या छायाचित्रणातली पहिली युक्ती यातच आहे. मोठी माणसे उभ्याने छायाचित्र काढतात आणि मूल वरून पाहिल्यासारखे बुटके दिसते. गुडघ्यावर बसून कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला, की त्याचे जग त्याच्या नजरेने दिसू लागते.

दुसरी अडचण हलणाऱ्या मुलांची. घरातल्या मंद उजेडात पुरेसा प्रकाश मिळवण्यासाठी कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी राहते. तेवढ्यात मुलाचा हात हलतो आणि चित्र पुसट येते. धावते मूल स्पष्ट यायचे तर झडपेचा वेग सेकंदाचा २५०वा भाग किंवा त्याहून जलद हवा. खिडकीजवळ किंवा गॅलरीत दिवसाच्या उजेडात छायाचित्र घेतले, की फोनही आपोआप वेग वाढवतो. खिडकीतून येणारा मऊ प्रकाश चेहऱ्याला फ्लॅशपेक्षा अधिक खुलवतो. 'हस बघू' म्हणण्याचा मोहही टाळावा. त्या हुकमाने दात दिसतात, हसू येत नाही. मूल ठोकळे रचत असताना किंवा सांडलेला भात वेचत असताना घेतलेले छायाचित्र अधिक खरे असते.

चेहरा मोठा घेण्याच्या नादात भोवतालचे घर कापले जाऊ नये, हेही पाहायला हवे. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघोट्या, दाराशी पडलेले इवलेसे बूट, दोरीवरची दुपटी, आजीची खुर्ची या गोष्टी आज क्षुल्लक वाटतात. वीस वर्षांनी घर बदललेले असते, आजी नसते, आणि नजर नेमकी तिथेच खिळते.

बहुतेक आल्बममध्ये आणखी एक उणीव असते. जो छायाचित्रे काढतो, तो त्यांत कुठेच नसतो. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंग हे हौशी छायाचित्रकार होते. पत्नी आणि अमृता व इंदिरा या दोन्ही मुलींना त्यांनी वर्षानुवर्षे टिपले आणि स्वतःलाही कॅमेऱ्यासमोर उभे केले. त्यामुळे ते कुटुंब पूर्ण दिसते. नातू विवान सुंदरम यांना पुढे याच संग्रहातून 'रीटेक ऑफ अमृता' ही चित्रमालिका रचता आली. घरी यासाठी फार काही करावे लागत नाही. मुलाला भरवणाऱ्या, झोपवणाऱ्या आईचे छायाचित्र दुसऱ्या कुणीतरी आठवणीने घ्यावे, एवढेच.

शेवटचा मुद्दा जतनाचा. फोन हरवतो, बिघडतो, बदलला जातो. महिन्याला दहा-बारा छायाचित्रे निवडून बाकीची काढून टाकावीत. निवडलेल्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि मोजक्यांचे कागदी प्रिंट काढावेत. चिकट पानांच्या आल्बममधला गोंद कालांतराने पिवळा पडतो आणि छायाचित्रे निघेनाशी होतात, म्हणून कागदी कोपऱ्यांत बसवण्याची जुनी पद्धत बरी. पावसाळ्यात दमट भिंतीला टेकलेल्या कपाटात आल्बम ठेवू नयेत, त्यांना बुरशी धरते. आंघोळीची वा उघड्या अंगाची छायाचित्रे मात्र घरापुरतीच ठेवावीत. मोठेपणी ती सर्वांनी पाहावीत की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या मुलाचा आहे.

प्रत्येक प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि प्रसंग हलक्या हाताने लिहून ठेवावा. 'दादरचे घर, स्वयंपाकघर, पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वरणभात' एवढी एक ओळ पुरते. पुढे ती वाचणाऱ्याला त्या दिवसाचे काहीही आठवत नसणार, पण तो दिवस त्याच्या हातात असेल.