आवाजाच्या पट्टीचा अंमल कोठवर?

संगणकाच्या पडद्यावरील आवाजाची पट्टी टोकापर्यंत खाली ओढूनही गाणे पूर्ववत गर्जत राहिले, म्हणजे मनुष्य यंत्राला दोष देऊ लागतो. परंतु यंत्र बहुधा निर्दोष असते, आणि ध्वनी ज्या मार्गाने बाहेर पडतो आहे त्या मार्गावर पट्टीचा अंमल मुळी चालतच नसतो.

संगणकात ध्वनी अंकरूपाने वास करतो. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि १६ बिटांचा प्रत्येक नमुना ६५,५३६ पायऱ्यांपैकी एखादीवर उभा असतो. आवाज उतरवणे म्हणजे या अंकांचा गुणाकार. निम्मे केले की २०,००० चे १०,००० होतात आणि आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पण ३ चा होतो दीड, आणि त्या १६ बिटांत दीड ही पायरीच नसल्यामुळे १ किंवा २ पत्करावा लागतो. मोठ्या स्वरांत ही तडजोड कळत नाही. विरत जाणाऱ्या तानपुऱ्याच्या झंकारात मात्र जी सूक्ष्मता असते, तिचीच हानी होते.

२००७ साली घरोघर पोहोचू लागलेल्या विंडोज व्हिस्टाने या बाबीची चांगली तजवीज केली. शेअर्ड मोडमध्ये सर्व प्रोग्रामांचे ध्वनी एका मिश्रकाकडे रुजू होतात, तेथे अपूर्णांक सामावणाऱ्या ३२ बिटी अंकांत त्यांची बेरीज होते, आणि प्रत्येक प्रोग्रामची पट्टी स्वतंत्र राहते. पुढे उपकरण २४ बिटांचे असले, तर वरील हानी कानाला जाणवत नाही. एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये मात्र एकच प्रोग्राम उपकरणाचा ताबा घेतो, मिश्रकाला फाटा मिळतो, इतरांचे ध्वनी मुके होतात, आणि उपकरणाच्या अंगीच आवाजाचे नियंत्रण नसेल, तर पडद्यावरील पट्टी निव्वळ शोभेची उरते. अंक जसेच्या तसे पोहोचावेत, हा रसिकांचा हेतू येथे सिद्धीस जातो व त्याची किंमतही येथेच मोजावी लागते.

एचडीएमआयमधून डॉल्बी डिजिटलचा प्रवाह न उलगडता पाठवला, म्हणजे पासथ्रू केला, तर अडचण अधिक मूलगामी असते. तेथील अंक ध्वनीची उंची सांगतच नाहीत. ती संकोचित लिपी असते, आणि तिच्या प्रत्येक चौकटीच्या आरंभी १६ बिटांची ठराविक खूण असते. गुणाकाराने ती खूण बिघडली, तर रिसीव्हरला काहीच उमगणार नाही. म्हणून संगणकाने त्या प्रवाहास हात न लावणे हेच योग्य, आणि आवाज उतरवायचा तो रिसीव्हरवर.

तेव्हा वाचकांना एकच आग्रहाची विनंती: एक्सक्लुझिव्ह मोड सुरू करण्यापूर्वी ॲम्प्लिफायरचा आवाज कमी करावा आणि हेडफोन त्यानंतरच कानांवर चढवावा.