स्त्रीबीज, वय आणि व्यायाम

सुश्रुताचार्यांनी गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबु व बीज असे चार घटक सांगून त्यांना शेतातील अंकुराची उपमा दिली. परभणीसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात ही उपमा रुग्णेला उलगडून सांगावी लागत नाही. तथापि, वयामुळे ‘बीज’ पेशीपातळीवर कसे बदलते, हे आपण वैद्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

स्त्रीगर्भाच्या पाचव्या महिन्यात बीजग्रंथींत ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्मसमयी त्या १० ते २० लाख, तर रजोदर्शनावेळी ३ ते ४ लाख उरतात. त्यांतील सुमारे ४०० बीजेच आयुष्यभरात बाहेर पडतात. प्रत्येक बीजाचे विभाजन जन्मापूर्वीच सुरू होऊन मध्येच थांबलेले असते. या प्रदीर्घ काळात गुणसूत्रांना बांधून ठेवणारी प्रथिने झिजतात, ऊर्जा पुरविणारी मायटोकॉन्ड्रिया क्षीण होतात आणि गुणसूत्रांची वाटणी चुकू लागते. म्हणूनच पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता वेगाने घटते व गर्भपाताचे प्रमाण वाढते. रजःक्षयाचे वय सुश्रुतांनी ५० सांगितले. बीजाचा ऱ्हास मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

व्यायामाने बीजांची संख्या वाढत नाही, गेलेले वयही परत येत नाही. तो इन्सुलिनचे कार्य सुधारतो. स्थूल व पीसीओएसग्रस्त स्त्रीत वजन पाच टक्के घटले तरी बीजोत्सर्ग पूर्ववत होऊ शकतो. उलट, अतिव्यायामास अपुऱ्या आहाराची जोड मिळाली की मेंदूकडून बीजग्रंथींना जाणारे संदेश मंदावतात आणि पाळी अनियमित होते किंवा थांबते. अर्धशक्ती व्यायामाचा शास्त्रादेश येथे पटतो.

‘दिवसभर शेतात राबते, आता आणखी कसला व्यायाम?’ हा आमच्या रुग्णांचा प्रश्न रास्तच आहे. कापूस वेचणे वा ऊसतोडणी हा श्रम आहे. तेथे अर्धशक्तीची मर्यादा नसते आणि ताटात पुरेसे अन्नही नसते. अशा स्त्रीला विश्रांती, पोषण व रक्तक्षयाची चिकित्सा हवी; व्यायामाचा उपदेश शहरातील बैठ्या जीवनासाठी राखावा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४८ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. परिणामी विशीतच मुलीवर वांझपणाचा शिक्का बसतो. या वयात बीजाचे वार्धक्य हे कारण क्वचितच असते. बीजोत्सर्ग, बीजवाहिन्या आणि पतीचे शुक्र यांची तपासणी प्रथम व्हावी.

बीजाच्या अंतिम वाढीस सुमारे तीन महिने लागतात. आहार-विहाराचा परिणाम पाहण्यास तेवढा अवधी द्यावा. परंतु पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीस सहा महिन्यांत गर्भ न राहिल्यास तिला तज्ज्ञांकडे पाठविण्यात विलंब करू नये. तिच्याजवळ सर्वांत थोडी शिल्लक असते ती काळाचीच, आणि ती आपल्या हातून वाया जाऊ नये.