असं का होतं? : गंज न लागणाऱ्या चाकाचे पापुद्रे

तुळजापुरात भवानीमातेच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांची अलॉय चाकं निरखून पाहा. काहींच्या कडेला पांढरट रेघा आणि सुटलेले पापुद्रे दिसतील. चाक तर अ‍ॅल्युमिनियमचं, मग हे कसं? अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि तोच धातूला राखतो. क्षारांमधलं क्लोराइड मात्र हा थर जागोजागी फोडतं. वरच्या रंगाला आणि पारदर्शक लेपाला उडालेल्या खडीने किंवा बॅलन्सिंगसाठी ठोकलेल्या वजनाने बारीक चीर पडली, की तिथून खारट ओल आत शिरते. मग वाळवी पोपड्याखालून वाट काढते, तशी ही झीज लेपाखालून धाग्यासारखी सरकते. मागे पांढरी भुकटी उरते. तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून लेप उचलला जातो.

खारं वारं कोकणात, इथे समुद्र सुमारे 300 किलोमीटर दूर, असा आक्षेप येईल. कोरड्या हवेत झीज मंदावते हे खरंच; पण क्षार वाऱ्यानेच यावेत असं नाही. बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली, की पाणी उडतं आणि क्षार चाकावर राहतात. चाकं चकचकीत करणारी तीव्र आम्लं तर लेपालाच कमजोर करतात. दोष रंगकामाचाही असू शकतो. पण उत्तम लेपही चीर पडल्यावर हतबल होतो. वरून नुसता रंग मारल्याने आतली झीज थांबत नाही. लेप काढून, धातू स्वच्छ करूनच नवा द्यावा लागतो. त्यापेक्षा धुतलेलं चाक लगेच पुसणं आणि टवका उडताच तो बुजवणं स्वस्त.